काळी माती, जवळ विहीर, पावसाळ्यात पाणी वर: दोन खड्ड्यांच्या संडासाचं माप काय घ्यावं?

पांदणवाट

गावाकडच्या घरी संडास बांधायचा आहे आणि मापावर घोडं अडलंय. जागेची माहिती आधी देतो.

जिल्हा परभणी. वर साडेचार फूट भारी काळी माती, खाली मुरूम. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्याच्या जागेपासून विहीर ४० फुटांवर. भर पावसाळ्यात विहिरीचं पाणी जमिनीखाली ५ फुटांवर येतं आणि पिण्याला तेच पाणी आहे. घरात ६ माणसं, त्यातली दोन सत्तरीच्या पुढची.

गवंडी म्हणतो, "१० बाय ६ ची, ५ फूट खोल सेप्टिक टाकी घ्या, तळ मोकळा सोडतो, वीस वर्षं झाकण उघडायचं काम नाही." ग्रामसेवकांचं म्हणणं दोन शोषखड्डेच करा. पण वस्तीवर जे दोन खड्ड्यांचे संडास झालेत, त्यातल्या काहींचे दोन्ही खड्डे दुसऱ्याच पावसाळ्यात तुंबले. त्यावर गवंड्याचं उत्तर तयार आहे: खड्डे चार फूट रुंदीचे, ते भरणारच, दोन्ही एकदम चालू ठेवले तर जरा जास्त टिकतात.

मला चार फुटांचा खड्डा ६ माणसांना पुरतो की नाही ते हिशोबाने समजून घ्यायचंय. काळ्या मातीत तो जिरतो का? आणि विहिरीचं काय?

निचरा

आधी टाकीचा हिशोब करू, म्हणजे तो विषय बाजूला पडेल. १० × ६ × ५ म्हणजे ३०० घनफूट, साधारण ८,५०० लिटर. हाताने पाणी ओतायच्या संडासात माणशी रोज साडेनऊ लिटर पाणी धरतात, सहा माणसांचे ५७ लिटर. तळ खरोखर बंद असेल आणि बाहेर पडायला वाट नसेल तर टाकी पाच महिन्यांत काठोकाठ. वीस वर्षं झाकण उघडावं लागणार नाही असं गवंडी म्हणतो त्याचा अर्थ एकच: पाणी तळातून मुरमात आणि मुरमातून विहिरीत जाणार. तिला सेप्टिक टाकी म्हणत नाहीत. तो मोठा कच्चा खड्डा झाला, तोही नेमका पाण्याच्या पातळीला टेकलेला.

खऱ्या सेप्टिक टाकीचं माप भारतीय मानकात पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली एवढंच आहे. तळ आणि भिंती पक्क्या, आत-बाहेर टी आकाराचे पाइप, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला वेगळा शोषखड्डा. हा शेवटचा भाग गावात कुणीच बांधत नाही, पाणी गटारात सोडतात. टाकीतून निघालेलं पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात जंतू भरपूर असतात. म्हणजे जिरवायची कटकट तशीच राहते, वर दर दोन-तीन वर्षांनी उपशाचा खर्च.

आता खड्डा. खड्ड्याला दोन कामं असतात आणि दोन्हींचा हिशोब वेगळा मांडायचा.

पहिलं काम गाळ साठवणं. माणशी वर्षाला ४५ लिटर गाळ धरा. सहा जणांचा २७० लिटर, म्हणजे ०.२७ घनमीटर. आतला व्यास १.२ मीटर आणि उपयोगी खोली १ मीटर असेल तर १.१३ घनमीटर जागा मिळते. चार वर्षांहून जास्त पुरते. उपयोगी खोली म्हणजे पाइपाच्या तळापासून खड्ड्याच्या तळापर्यंतची. वरचे ३० सेंमी मोकळे राहतात ते यात धरायचे नाहीत.

दुसरं काम पाणी जिरवणं, आणि काळ्या मातीत घोडं पेंड खातं ते इथे. वाळूत एक चौरस मीटर भिंत रोज ५० लिटर जिरवते, पोयट्यात ३०, सच्छिद्र चिकणपोयट्यात २०, आणि घट्ट चिकण मातीत फक्त १०. तळाचा पृष्ठभाग मोजायचा नाही, तो गाळाने काही महिन्यांत बसतो. १.२ मीटरच्या खड्ड्याची विटेसकट बाहेरची बाजू १.४३ मीटर व्यासाची. एक मीटर खोलीला साडेचार चौरस मीटर. गुणिले १० म्हणजे ४५ लिटर. येतात ५७. रोज १२ लिटर उरतात आणि तुमच्या वस्तीवरचे खड्डे तुंबतात ते या १२ लिटरांनी, मैल्याने नव्हे.

उपाय साधा आहे. विटेच्या भिंतीबाहेर ३० सेंमी जाडीचा खडी-वाळूचा वेढा भरायचा. मग पाणी मातीला भेटतं ते २.०३ मीटर व्यासाच्या गोलावर. ६.४ चौरस मीटर, ६४ लिटर. सहा माणसांना पुरतं. वेढ्याला खड्ड्यामागे अर्ध्या ब्रासहून (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी जास्त खडी लागते. काळ्या मातीच्या पट्ट्यात ठेकेदार वाचवतो ते नेमकं हेच.

हा हिशोब साडेनऊ लिटरांवर उभा आहे. भांडं ग्रामीणच घ्या: २५ ते २८ अंश तीव्र उताराचं, २० मिलिमीटर जलबंदाच्या ट्रॅपचं. ट्रॅप म्हणजे भांड्याखालचा वाकडा पाइप, जलबंद म्हणजे वास अडवायला त्यात थांबून राहणारं पाणी. दीड-दोन लिटरांत साफ होतं. शहरी भांड्याच्या ट्रॅपला ५० मिलिमीटरचा जलबंद असतो, त्याला एका वेळी दहा लिटर ओतावे लागतात. सहा माणसं, तीन वेळा, दहा लिटर: १८० लिटर. कुठलाही वेढा याला पुरणार नाही. न्हाणीचं पाणी तर अजिबात जोडू नका. ते परसातल्या केळी-अळूला सोडा.

आणि दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवायचा सल्ला ऐकू नका. या संडासाचं सगळं शहाणपण एक खड्डा बंद राहण्यात आहे. बंद खड्ड्यातल्या मैल्यात नवं काही पडत नाही, पाणी उतरतं, आणि दीड वर्षात त्याचं सोनखत होतं. दोन्ही चालू म्हणजे दोन्ही ओले, दोन्ही ताजे, आणि भरतील तेव्हा दोन्ही एकाच आठवड्यात भरतील.

अर्धीवीट

वर सगळं बरोबर आहे, बांधकामातल्या चुका तेवढ्या जोडतो. खड्डे बिघडतात ते कागदावर नाही, थापीखाली.

भिंत अर्ध्या विटेची. एक रद्दा (विटांचा थर) सलग, एक रद्दा जाळीचा, असं पाइपाच्या तळापर्यंत. त्यावर सगळे रद्दे सलग. जाळीच्या रद्द्यात उभ्या फटी ठेवायच्या, आतून गिलावा मारायचा नाही. सांगितलं नाही तर गवंडी सवयीने आतून गिलावा करून घोटून देतो, आणि वर "बघा, काच केलीय" म्हणतो. त्या काचेतून थेंब जिरत नाही.

सिमेंटच्या रिंगा वापरणार असाल तर भोकं असलेल्या घ्या आणि रिंगांमधला सांधा सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरू नका.

पाइप ७५ मिलिमीटरचा, उतार १५ फुटांना किमान १ फूट. खड्ड्यात तो १० सेंमी आत काढायचा. भिंतीच्या तोंडाशी कापला तर मैला भिंतीवरून ओघळतो आणि जाळी बुजते.

भांड्याकडून आलेला पाइप दोन खड्ड्यांकडे फुटतो ते चेंबर आतून २५ बाय २५ सेंमी पुरतं, पण तळाला सपाट कोबा नको. अर्धगोल पन्हळ वाय आकारात घोटून घ्या, नाहीतर कोपऱ्यात मैला बसतो. बंद फाट्याला विटेचा तुकडा आणि चिखलाचा बोळा. सिमेंटने बुजवू नका, तीन वर्षांनी फोडताना पाइप फुटतो.

वायुनळी लागत नाही. जलबंदामुळे वास घरात येत नाही आणि वायू जाळीतून मातीत जिरतो. नळी लावलीच तर माश्या-डासांना दार उघडून दिल्यासारखं.

भूजलवाला

वरच्या दोघांनी माणसांचा आणि मातीचा हिशोब केला, पाण्याच्या पातळीचा नाही. प्रश्नातली अवघड गोष्ट तीच आहे.

१.२ मीटर व्यास, १ मीटर उपयोगी खोली, वर ३० सेंमी मोकळं. एकूण १.३ मीटर, म्हणजे सव्वाचार फूट. जमिनीबरोबर बांधला तर तळ मुरमापासून तीन इंचांवर आणि पावसाळी पाण्यापासून जेमतेम २० सेंमी वर. असला खड्डा ४० फुटांवरच्या पिण्याच्या विहिरीशेजारी मी नामंजूर करेन.

नियम असा: खड्ड्याचा तळ सर्वांत वरच्या पाणीपातळीपासून २ मीटर वर असेल आणि माती बारीक कणांची असेल तर विहिरीपासून ३ मीटरही चालतात. २ मीटरचं अंतर मिळत नसेल तर १० मीटर हवेत. तुमचे ४० फूट म्हणजे १२ मीटर, तेवढं बसतं. पण हे १० मीटरही बारीक मातीसाठी, जिच्या कणांचं प्रभावी माप ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी आहे. काळी माती त्याहून कितीतरी बारीक. मुरूम मात्र तसा नाही. आणि उन्हाळ्यातली भेग तर मातीच नव्हे, ती मुरमापर्यंत गेलेली नळी आहे. जूनच्या पहिल्या सरीत, भेगा मिटायच्या आत, खड्ड्यातलं पाणी त्या नळीने सरळ खाली उतरतं.

म्हणून माझ्या मते दोन बदल करा.

एक, वेढा खडीचा नको, बारीक वाळूचा हवा, आणि ३० नव्हे ५० सेंमी जाड. खडी पाणी पसरवते पण गाळत नाही. जंतू अडतात ते बारीक वाळूत आणि तिच्यावर चढणाऱ्या जिवाणूंच्या बुळबुळीत थरात. गिलाव्याला चालते तशी चाळलेली वाळू घ्या. खडीची भुकटी नको, तिच्यातली पूड बसून दगड होते. बारीक वाळू आली की जाळीच्या फटी १२ ते १५ मिलिमीटरच ठेवाव्या लागतात, नाहीतर वाळू खड्ड्यात ढासळते. आणि तळ बंद करायचा: जाड प्लास्टिकचा कागद किंवा कुटलेल्या चिखलाचा थर. चिखल तर तुमच्या दारातच आहे.

दोन, खड्डा उथळ आणि रुंद करा, थोडा जमिनीच्या वर काढा. उपयोगी खोली ८० सेंमी घेतली तर साठवण ०.९ घनमीटर, म्हणजे सव्वातीन वर्षं. वेढ्यासकट व्यास २.४३ मीटर, भिंत ६.१ चौरस मीटर, जिरवण ६१ लिटर. ५७ वर फार ढील नाही, पण बसतं. आता एकूण खोली १.१ मीटर. त्यातले ३० सेंमी जमिनीवर काढले की तळ जमिनीखाली ८० सेंमीवर येतो. म्हणजे पाण्यापासून ७० सेंमी वर, आणि मुरूम लागायच्या आधी दोन फूट काळी माती शिल्लक. वर आलेल्या भागाभोवती एक मीटर रुंदीचा मातीचा भराव, उतरता, दाबून. वाळू एका खड्ड्याला पाऊण ब्रासहून थोडी जास्त.

आणखी वर का काढू नये? पायऱ्यांमुळे. पाइपाचा तळ जमिनीच्या पातळीला, ३ मीटर पाइपाला २० सेंमी उतार, भांडं आणि ट्रॅपला ४० सेंमी. संडासाची फरशी जमिनीपासून ६० सेंमी वर येते: सहा-सहा इंचाच्या चार पायऱ्या. खड्डा १ मीटर उपयोगी खोलीचा ठेवून ६० सेंमी वर काढला असता तर सहा पायऱ्या झाल्या असत्या. सत्तरीच्या माणसाला रात्री, पावसात, सहा पायऱ्या म्हणजे तो शेतात जाणार. चार पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी पाइपाचा कठडा द्या.

दोन खड्ड्यांच्या वेढ्यांमध्ये मूळ मातीचा एक मीटर पट्टा राहू द्या. दोन्ही खड्डे विहिरीच्या उतरत्या बाजूला. आणि १२ मीटर मोजताना खड्ड्याच्या मध्यापासून नव्हे, वेढ्याच्या विहिरीकडच्या कडेपासून मोजा.

निचरा

हे मान्य. विहीर पिण्याची आहे म्हणताना मी ३० सेंमी खडीवर थांबायला नको होतं. एक अट जोडतो: घट्ट मातीचे १० लिटर हे गृहीत आहे, तुमची माती चोपण (क्षारांमुळे पाणी न जिरवणारी) असेल तर तेही मिळणार नाहीत. खणायच्या आधी पाहून घ्या.

जागेवर ३० सेंमी रुंद, ८० सेंमी खोल खड्डा काढा. भिंती खरवडून घ्या, कुदळीने घासलेली काळी माती आरशासारखी बंद होते. तळाला ५ सेंमी बारीक खडी टाका. खडीच्या वर ३० सेंमी पाणी भरून रात्रभर तसंच भरतं ठेवा. सकाळी पाणी खडीच्या वर १५ सेंमीवर आणा आणि अर्ध्या तासात किती उतरतं ते पट्टीने मोजा. २५ मिलिमीटर उतरायला तासाहून जास्त लागत असेल तर त्या जागेवर शोषखड्ड्याचा हट्ट धरू नका. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर ही चाचणी फसवते, पाणी भेगेतून पळतं आणि माती गुणी वाटते. एक-दोन पाऊस होऊन भेगा मिटल्यावर करा.

पांदणवाट

सगळ्यांचे आभार. पायऱ्यांचा हिशोब डोक्यातच आला नव्हता.

तीन शंका. एक, तळ बंद केला तर ती टाकीच झाली ना? दोन, गोठ्यात दोन म्हशी आहेत. संडास गोबर गॅसला जोडला तर खड्ड्यांची गरजच उरत नाही असं एक जण म्हणाला. तीन, बाजारात बॅक्टेरियाची पावडर मिळते, ती टाकली की मैला पाणी होऊन जातो म्हणतात.

भूजलवाला

तळ बंद, भिंत उघडी. टाकीत दोन्ही बंद असतात. तळ बंद करून पाण्याला आडवं, वाळूतून जायला लावतो, एवढाच फरक. जिरवण्याच्या हिशोबात तळ मुळातच धरलेला नव्हता, त्यामुळे मापं बदलत नाहीत.

शेणकाला

गोबर गॅसचं सांगतो. निव्वळ मैल्यावर घरापुरता गॅस मागू नका. माणशी रोज साधारण एक घनफूट गॅस मिळतो. सहा माणसांचे सहा घनफूट, लहान शेगडी पाऊण तास चालेल न चालेल. खरी भर शेणाची. एक किलो ताज्या शेणाचा साधारण ०.०४ घनमीटर गॅस. दोन म्हशींचं गोठ्यात पडणारं वीस-पंचवीस किलो शेण धरलं तर पाऊण ते एक घनमीटर. म्हणून जोडायचा तर १ घनमीटरच्या संयंत्राला. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं, ते तुमच्याकडे नाही आणि अर्धपोटी संयंत्र गॅस देत नाही.

संडासाचा पाइप शेण कालवायच्या हौदात सोडू नका. तिथे रोज हात घालायचा असतो. वेगळ्या पाइपाने थेट डायजेस्टरच्या, म्हणजे शेण कुजतं त्या बंद टाकीच्या, पोटात, पाण्याखाली तोंड राहील असा घ्या. इथेही पाणी बेताचं हवं. शेणाला बरोबरीने पाणी लागतं, त्याहून पातळ झालं की शेण-पाण्याचा काला कच्चाच बाहेर पडतो. संडासात फिनेल आणि ॲसिड टाकायचं बंद. गॅस करणारे जिवाणू त्याने मरतात आणि संयंत्र महिनाभर रुसून बसतं.

आता खड्ड्याची गरज उरत नाही म्हणतात त्याबद्दल. बाहेर येणारा काला सोनखत नाही. काही आठवडे डायजेस्टरमध्ये राहून बरेच जंतू मरतात पण जंतांची अंडी तग धरतात. तो काला दोन आळीपाळीच्या खड्ड्यांत पालापाचोळ्याबरोबर कुजवावाच लागतो. खड्डे चुकत नाहीत, जागा बदलते.

हे काम आपल्याकडे नवीन नाही. देहूत डॉ. मापुसकरांनी माणसाच्या मैल्यावर चालणाऱ्या मलप्रभा संयंत्रावर कित्येक वर्षं काम केलं, २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच्याही आधी कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी संडास लोकांपुढे ठेवला: कप्पा जमिनीच्या वर, मैल्यावर माती-पाचोळा, आणि खत थेट शेतात. निचऱ्याच्या चाचणीत तुमची जागा नापास झाली तर त्याच वळणाचा, दोन कप्प्यांचा कोरडा संडास हा मार्ग उरतो. लघवी आणि धुण्याचं पाणी वेगळ्या वाटेने काढायचं, मैल्यावर प्रत्येक वेळी दोन मुठी राख. पाणी खाली जातच नाही म्हटल्यावर विहिरीचा प्रश्न मिटतो. अडचण सवयीची: पाहुणा आला की चुकीच्या भोकात पाणी ओततो, आणि एकदा कप्पा भिजला की वास आणि अळ्या.

निचरा

पावडरीबद्दल. मैल्यात जिवाणू मुळातच अब्जांनी असतात, विकत आणायची गरज नाही. कुजून जे घन पदार्थ कमी व्हायचे ते पावडरीशिवायही होतात, आणि पाणी तर कुठल्याच पावडरीने नाहीसं होत नाही. तुमच्या खड्ड्याची अडचण पाण्याची आहे.

डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने सियाचिनसारख्या ठिकाणांसाठी केलेल्या आणि पुढे रेल्वेच्या डब्यांत आलेल्या बायोडायजेस्टरची गोष्ट वेगळी. तिथे कप्पेबंद टाकी असते आणि थंडीत काम करणारे निवडक जिवाणू एकदाच सोडतात. पण त्याही टाकीच्या तोंडातून पाणी बाहेर येतं आणि ते जिरवावं किंवा गाळावं लागतं. दुकानातली पुडी घेऊन ते नाव सांगणाऱ्याला हे पाणी कुठे जातं ते विचारा.

संडासात काय जाऊ नये तेही इथेच लिहितो, कारण खड्ड्याचं पुढे खत व्हायचंय. सॅनिटरी पॅड आणि डायपर कुजत नाहीत, वाय चेंबरमध्ये अडकतात. ब्लेड आणि सुया खत काढणाऱ्याच्या हातात शिरतात. आणि फवारणीचा पंप धुतलेलं पाणी कधीही नको. कीटकनाशकाचा डबा रिकामा झाला की तीनदा विसळून ते पाणी पंपातच घ्या आणि त्याच पिकावर फवारा, मग डब्याला भोक पाडा. हेच पाणी विहिरीपासून १२ मीटरवरच्या शोषखड्ड्यात ओतलं तर वाळू त्यातले जंतू अडवेल, विष अडवेलच असं नाही.

एवढं वाचूनही कुणी मोठी टाकी बांधणार असेल तर उपशाच्या वेळी आत माणूस उतरवू नका. झाकण चार तास उघडं ठेवलं म्हणून हवा शुद्ध होत नाही. हायड्रोजन सल्फाइड गाळात विरघळून असतो, पाय पडून गाळ ढवळला की बाहेर येतो. सडक्या अंड्याचा वास प्रमाण वाढल्यावर येईनासा होतो, नाकच बधिर होतं. मेणबत्ती सोडून बघण्याने याचा पत्ता लागत नाही. पहिला पडला की दुसरा ओढायला उतरतो आणि तोही पडतो. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे, आणि गटारातल्या मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. नळी टाकून उपसणारी गाडीच बोलवा आणि ती कुठे रिकामी करणार ते आधी विचारा. वाई आणि सिन्नरला मैला-गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रं आहेत, तशी तुमच्या तालुक्याला नसेल तर गाडी पहिल्या ओढ्यात रिकामी होते.

पांदणवाट

ठरलं: दोन उथळ खड्डे, १.२ मीटर, ५० सेंमी वाळू. चाचणी पाऊस झाल्यावर. शेवटचं विचारतो, झाकण बसवायच्या आधी गवंड्याचं काम तपासायचं कसं? आणि सोनखत तयार झालं ते ओळखायचं कसं?

अर्धीवीट

विटा एका खड्ड्याला सव्वादोनशेच्या आसपास, फूटतूट धरून अडीचशे मागवा. वेढ्याची वाळू भिंतीबरोबरच भरत यायचं, दर दोन-तीन रद्द्यांनी. भिंत पूर्ण करून मग वरून वाळू ओतली की मध्ये पोकळ्या राहतात आणि पहिल्या पावसात भराव खचतो.

तपासणी अशी. खड्ड्यात वाका, बोट फटीत घाला: पलीकडे वाळू लागली पाहिजे, मसाला नाही. चेंबरचं झाकण काढून भांड्यात दोन लिटर पाणी एका दमात ओता. पाणी एकाच फाट्यातून गेलं पाहिजे, आणि पन्हळीत मागे थेंबभरही साचता कामा नये. मग वर्तमानपत्राच्या कागदाचे दोन-तीन ओले गोळे भांड्यात टाकून पुन्हा दोन लिटर. गोळे चेंबर ओलांडून खड्ड्यात पडले तर उतार बरोबर. चेंबरमध्ये थांबले तर पाइप उकरून परत बसवायला लावा. पैसे चुकते करायच्या आधी.

झाकण ५० मिलिमीटर जाडीचं, ८ मिलिमीटरच्या सळ्या सहा-सहा इंचांवर. अखंड ओतू नका. या व्यासाचं झाकण २०० किलोच्या घरात जातं, ते उचलायला गाव लागेल. दोन अर्धी करा, प्रत्येकाला दोन कड्या. सांधा आणि कडेची फट चिखलाने लिंपा.

पहिला चालू करायचा तो विहिरीपासून लांबचा. भरला की चेंबरमधला बोळा काढून भरलेल्या खड्ड्याच्या फाट्याला लावायचा, आणि भरलेल्याला दीड वर्ष हात लावायचा नाही. मधल्या पावसाळ्यात पाणी वर येऊन तो ओला राहिला असेल तर दोन वर्षं. जंतांची अंडी सगळ्यांत चिवट असतात, आणि ओलीत तर जास्तच. उपसायचं एप्रिल-मे मध्ये. आधी काठी खुपसून बघा. कोरडी निघाली, वास आला नाही आणि आतलं काळपट भुसभुशीत असेल तर तयार. काठीला चिकट लागलं तर झाकण परत लावा. काढताना बूट-हातमोजे घालायचे, चार दिवस उन्हात पसरायचं, आणि फळझाडांच्या आळ्यात घालायचं. पालेभाजीला नको.

बोळा बदलल्याची तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही आणि घरात यावरून भांडणं होतात. झाकणाच्या सांध्यावर चिखलाऐवजी मुठभर कच्चा मसाला थापा आणि तो ओला असताना खिळ्याने महिना आणि साल कोरून ठेवा.